शिट्टी होईपर्यंत

"पाय आपटा!"

राजारामपुरीतल्या एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या आहेत असं कळलं, म्हणून आम्ही नवरा-बायको बघायला गेलो होतो. फाटक उघडून आत पाऊल टाकतोय तोवर घरातून हा आवाज आला. मला वाटलं चपलांना चिखल लागलाय, म्हणून मी पायपुसणं शोधायला लागले.

"पुसू नका, आपटा! जोरात! दोन्ही पाय!"

आणि माझा नवरा, सरकारी नोकरीतला जबाबदार माणूस, भर दुपारी परक्या बाईच्या फाटकात उभा राहून कवायतीतल्या पोरासारखा पाय आपटायला लागला. मग मीही आपटले. तेव्हा कुठे दारात एक उंच, सडसडीत बाई दिसल्या. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यातलं लिंग आणि काळ्या गोफात ओवलेली एक पत्र्याची शिट्टी.

"आता या," त्या म्हणाल्या. "आत कोण कोण असतंय. पावणं आल्यात म्हणून त्यास्नी कळायला नको व्हय?"

या अक्का. मुलींच्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं माहेर सीमेकडचं. तिकडे एकाच घरात सासू कानडीत रागावते आणि सून मराठीत उलटून बोलते, असं त्या स्वतःच सांगायच्या. त्यांनी वाटणी करून टाकली होती, माणसांशी मराठी आणि पाखरांशी कानडी. मला त्या तंगी म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. एरवी सगळ्या गल्लीच्या त्या अक्का होत्या. मी मूळची नाशिकची. बाईमाणसाने 'मी येतो, मी जातो' म्हणायची कोल्हापुरी रीत माझ्या कानाला सवयीची नव्हती. अक्कांच्या तोंडून ती ऐकली की प्रत्येक वेळी मला आधी चाळीस पोरींना दमात घेणारा कवायत मास्तर दिसायचा.

खोली देताना त्यांनी आमची जात, गाव, पगार काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मांजर पाळताय? पाळत असशीला तर खोली न्हाय."

पुढून ते घर चारचौघांसारखं होतं. मागे मात्र जमिनीचा असा एक तुकडा होता की बघणाऱ्याने कपाळावर हात मारावा. राजारामपुरीत इंच इंच जागेवर दुकान नाहीतर क्लास नाहीतर दवाखाना, आणि इथे या बाईंनी अख्खं परडं रान करून ठेवलेलं. बाग म्हणावी तर गुलाब नाही, शेवंती नाही, आखलेला वाफा नाही. रुई, घाणेरी, पानफुटी, एक वाकडा शेवगा, भिंतीतून उगवलेला उंबर, कंबरेएवढं गवत. कोपऱ्यात दगडांची रास आणि पालापाचोळ्याचा माणसाच्या छातीएवढा ढीग. या सगळ्याला लागून आमच्या खोलीच्या दगडी पायऱ्या उतरत होत्या. पायथ्याशी नळ आणि धुण्याचा दगड. म्हणजे कपडे धुवायचे तर रोज त्या रानाच्या तोंडाशी बसायचं.

"ही माझ्या भाडेकऱ्यांची जागा," अक्कांनी सांगितलं. "तुमी वरचे भाडेकरू, ते खालचे. कुणी कुणाच्या वाटंला जायचं न्हाय."

खालच्या भाडेकऱ्यांचा मान वरच्यांपेक्षा जास्त होता हे आठवड्याभरात कळलं. कांदेपोह्यांना फोडणी देताना मी पटकन खाली उतरून कढीपत्त्याची फांदी तोडली, तर वरून शिट्टी! नुसती हाक नाही, खणखणीत शिट्टी. हातातली फांदी गळून पडली माझ्या.

"चिंधी बांधलीया दिसंना व्हय? चिंधीची फांदी अळ्यांची, बिनचिंधीची तुझी!"

खरंच त्या झाडाच्या निम्म्या फांद्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या होत्या आणि त्या फांद्यांवर पक्ष्यांच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या बसून होत्या. त्यांची पुढे मोठी काळी फुलपाखरं होतात म्हणे. माझे पोहे त्या दिवशी बिनकढीपत्त्याचे झाले.

उन्हाळ्यात तर भांडी घासलेलं पाणीसुद्धा आपलं नसायचं. राखेने घासायचं, साबण लावायचा नाही, आणि ते पाणी भिंतीजवळच्या खड्ड्यात ओतायचं, कारण तो चिखल ओला राहिला पाहिजे. कुंभारीण माशी त्या मातीची घरं बांधते, फुलपाखरं त्यातला क्षार चोखतात. नळाला पाणी कमी असलं की अक्का आधी बाहेर पाखरांसाठी ठेवलेली मातीची परळं भरायच्या आणि उरलं तर स्वतः आंघोळ करायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, "अक्का, माणसांचं पण काही बघा." तर म्हणाल्या, "माणसं नळ सोडाया शिकल्यात. तांबट पाखरू शिकलं काय?" 

पण खरा कहर पावसाळ्याचा. नागपंचमीच्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, जमीन खणायची नाही, हे घरोघरी पाळतात. अक्कांची नागपंचमी आषाढात सुरू व्हायची आणि संपायची कधी ते कुणालाच ठाऊक नसायचं. तोवर परड्यात विळा चालवायचा नाही, कुदळ मारायची नाही, ढीग हलवायचा नाही. कारण सगळ्यांची अंडी, पिल्लं, कोष त्यातच. दिवाळी गेली, गवत वाळून पिवळं झालं तरी नागपंचमी चालूच, कारण आता मुनिया पाखरं गवताचं बी खायला यायची. मग थंडीतल्या कुठल्यातरी सकाळी अक्का पायरीवर उभ्या राहायच्या, परड्याकडे नीट कान देऊन ऐकायच्या आणि एक लांबलचक शिट्टी मारायच्या. झाली नागपंचमी. त्यानंतर गवत कापायला मुभा. शिट्टीच्या आधी कुणी काडी मोडली तर त्याची खैर नव्हती. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकदा कुंपणावर आलेली घाणेरी छाटली, तर अक्का त्यांच्या पेशंटांच्या रांगेत जाऊन बसल्या आणि नंबर आल्यावर टेबलावर ती छाटलेली फांदी ठेवून म्हणाल्या, "हिला औषध द्या."

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. मला सापाची भीती आहे. थोडीथोडकी नाही, चित्रातला साप दिसला तरी पान उलटते मी. आमच्या ह्यांचं ऑफिस पन्हाळ्याला. सकाळी एसटीने गेले की संध्याकाळी परत. आणि माहेराहून बाळंत होऊन आले ते तान्ही पोर घेऊन. दिवसभर मी, ती, आणि दाराबाहेर ते रान. उंबऱ्याच्या फटीत चिंध्या कोंबायच्या, पलंगाखाली बॅटरी मारून बघायचं, मोरीच्या जाळीवर वीट ठेवायची. पोरगी रांगायला लागली तेव्हा इतर आया कौतुक करतात. मी मात्र दाराला आडवी फळी ठोकून घेतली.

अक्कांना त्या फळीचा फार राग. "कोंडून घालतीस व्हय तिला? मी बसतो की बाहेर." आणि बसायच्याही. पोरीला मांडीवर घेऊन दोन्ही तळवे तिच्या तोंडावरून हळूहळू फिरवायच्या, कपाळ, भुवया, नाक, हनुवटी. मला वाटायचं ही त्यांच्याकडची माया करायची पद्धत. पोरगी त्यांना अज्जी म्हणायला लागली, आणि धड चालता येण्याआधी पायरीवर उभी राहून पाय आपटायला शिकली. धप, धप, धप. मग माझ्याकडे वळून बघायची, शाबासकीसाठी. अक्का आतूनच ओरडायच्या, "आला गं माझा हवालदार!"

त्यांना पावलांवरून माणूस कळायचा. मी तोंड उघडायच्या आत म्हणायच्या, "ये तंगी." दूधवाला फाटकाशी असतानाच त्याला म्हणायच्या, "आज चप्पल बदललीस व्हय?" मला वाटायचं, काय तयारीची बाई आहे! परळ भरताना पाणी कधीकधी बाहेर सांडायचं, तेव्हा वाटायचं वय झालं, हात कापत असतील. एका थंडीत त्या महिनाभर धुसफुसत होत्या. दरवर्षी हिमालयाकडून येणारा धोबी पक्षी यंदा आला नाही म्हणून. त्याचं खापर त्यांनी डॉक्टरांच्या जनरेटरवर फोडलं आणि भिंतीवरून त्यांना चार शब्द सुनावले. 

आणि धामण. पाऊस सुरू झाला की ढिगाकडून नळापर्यंत एक लांब पिवळसर जनावर यायचं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बादली टाकून वर पळाले. अक्का म्हणाल्या, "धामण हाय. इख न्हाय तिला. तुझ्या घरातल्या घुशी कोण खातंय मग?" दुसऱ्या पावसाळ्यात मला त्याचा रंग जरा काळसर वाटला. मी सांगितलं. "ओली झाली की काळी दिसती," अक्का म्हणाल्या. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. सगळी गल्ली जनावर दिसलं की त्यांनाच विचारायला यायची. मी कोण त्यांच्यावर शंका घेणार? मी दात-ओठ खात फळीला आणखी दोन खिळे मारले.

गणपती गेले होते. पाऊस थांबून चटचटीत ऊन पडलं होतं. हे ऑफिसला गेले, मी वरच्या पायरीवर पिळे झटकत उभी होते. पोरगी शेजारी, तिचं पाय आपटणं नुकतंच झालं होतं. खाली अक्का परळं भरायला आल्या होत्या. नळाचा काळा पाइप गवतात वेटोळं होऊन पडला होता आणि त्या तो उचलायला वाकल्या.

पाइपाच्या पलीकडे गवत हललं. आणि त्यातून जे वर आलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. फडा. पुरता उघडलेला, मागे तो दहाचा आकडा.

"अक्का, नाग!"

"धामण हाय. किती येळा सांगू?"

"फडा काढलाय अक्का! फडा!"

"मान फुगवती ती. तुला भ्याली आसंल." आणि त्यांनी हात पुढे केला.

मी पोरीला उचलून कडेवर दाबलं.  तेवढ्यात तो फुत्कारला. अक्कांचा हात तिथेच थांबला. त्यांनी डोकं किंचित तिरकं केलं, कान दिला, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उतरलेला मला वरून दिसला. तशाच वाकलेल्या त्या अगदी हळू, कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाल्या, "तंगी, किती लांब हाय?"

मला कळेना. समोर तर आहे. लख्ख ऊन आहे. लांब किती म्हणजे काय? आणि मग कळलं. ते तळवे, सांडणारं पाणी, पावलांची ओळख, सगळं एका झटक्यात कळलं.

"दिसत नाही तुम्हाला?"

"ते मागनं बघू. लांब किती?"

"हात पुढे नेलात तर लागेल. उजवीकडे."

"पोर कुठाय?"

"कडेवर आहे माझ्या."

"पाय आपटू दिऊ नको तिला. आन् तू बोलत ऱ्हा. काय करतोय सांगत ऱ्हा मला."

मी सांगत राहिले. डोलतोय. थांबला. तुमच्या हाताकडे बघतोय. मान खाली घेतली. नाही, परत वर काढली. पोरगी 'अज्जी, अज्जी' करून खाली झेपावत होती, तिचे पाय मी मुठीत आवळून धरले होते. त्या वयाची बाई, निम्मी वाकलेली, पण हात मात्र दगडासारखा स्थिर. माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवून त्या उभ्या होत्या, आणि माझे डोळे तर भीतीने मिटायला बघत होते. शेवटी फडा मिटला. तो पाइपाच्या कडेकडेने, अक्कांच्या पावलांजवळून सरकत ढिगाकडे गेला.

"गेला," मी म्हटलं.

"पुरा?"

"पुरा. शेपूट पण आत गेली."

तेव्हा त्या सरळ झाल्या आणि धुण्याच्या दगडावर मटकन बसल्या. "नाग व्हता व्हय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आन् मी सगळ्यास्नी धामण म्हणून सांगत बसलो."

मी त्यांची समजूत काढली नाही. मला इतका संताप आला होता की मी पायरीवरूनच ओरडायला लागले. माझी पोर इथे उतरते, तुमच्या भरवशावर उतरते, आणि तुम्हाला दिसत नाही? कधीपासून?  अक्का एवढंच म्हणाल्या, "पुण्याला कळवू नको." पुण्याला त्यांचा मुलगा होता. त्याला कळलं तर तो येऊन त्यांना घेऊन जाणार, चौथ्या मजल्यावर. "तिथं गॅलरीत कबुतरं असत्यात. दुसरं काय न्हाय."

"मोतीबिंदू आहे हो. ऑपरेशन करून घ्या. सगळे करतात."

"करतो की. कधी करू सांग?" त्या उसळून म्हणाल्या. "दिवाळी झाली की मुनिया येत्यात. थंडीत धोबी. शिमग्याला भिंतीपल्याडचं सावरीचं झाड फुलतंय, पाखरांचं सगळं गाव त्यावर जेवतंय. उन्हाळ्यात पाणी कोण ठेवणार? मग पाऊस, पावसात अंडी. काढून दाव एक आठवडा!"

"तुम्हाला दिसतच नाही तर धोबी आला काय आणि न आला काय!"

बोलले खरी, आणि जीभ चावली.  परड्यात कुठेतरी शिंपी पक्षी टिवटिवत होता. अक्कांनी तिकडे कान दिला आणि विचारलं, "गेल्या थंडीत आलता का गं?"

"रोज यायचा. इथेच, नळावर. शेपटी हलवत."

"आन् मी डागदरला बोललो," अक्का म्हणाल्या. मग लुगड्याचा पदर डोळ्यांना लावून बसल्या. पुसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. उठताना म्हणाल्या, "घे नंबर डोळ्याच्या दवाखान्यात."

पण माझी दुसरीही अट होती. पायऱ्यांपासून कढीपत्त्यापर्यंतची पट्टी साफ करायची. गवत नको, ढीग नको, उघडी जमीन, म्हणजे काही आलं तर दिसेल. त्याला मात्र त्या ठाम नाही म्हणाल्या. नागपंचमी चालू आहे. "मग आम्ही खोली सोडतो," मी म्हटलं. "सोड," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून हातात काठी घेऊन आमच्या खालच्या पायरीवर राखणीला बसायला लागल्या. डोळ्यांनी नव्हे, कानांनी. मी धुणं धुवायला उतरले की म्हणायच्या, "धू तू. मी ऐकतोय." आम्ही खोल्या शोधत होतो आणि त्यांना ते माहीत होतं. तरी त्या जेवायलाही तिथेच बसायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि त्या तो टिकू द्यायच्या नाहीत, हा मोठाच वैताग होता.

दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं. आधी एका डोळ्याचं. मुलाला अक्कांनी स्वतःच फोन केला. माणूस चांगला होता, आईसारखाच उंच, थोडा थकलेला. ऑपरेशन पार पडलं आणि डोळ्याला पट्टी बांधून अक्का घरी आल्या. उघडा होता तो डोळाही दुसऱ्या मोतीबिंदूने गढुळलेलाच. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धक्का बसू द्यायचा नाही. पाय तर मुळीच आपटायचे नाहीत, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी मुलाला बजावून सांगितलं. शेजारीपाजारी त्या सूचनेवर मनापासून हसले.

पट्टी निघायच्या आदल्या सकाळी मी दार उघडलं तर पायऱ्यांपाशी दोन गडी उभे. एकाकडे कोयता, एकाकडे कुदळ. मुलगा बाह्या सरसावून त्यांना ढीग दाखवत होता. दूधवाल्याने त्याला नागाचं सांगितलं होतं.

"सगळं साफ करून टाकतो," तो मला म्हणाला. "आईला नंतर सांगू. ती ऐकणार नाही. तुम्हाला लहान मूल आहे, तुम्हाला तर पटेल."

पटत होतंच. खरं सांगते, पोटातून पटत होतं. दोन वर्षं मी हेच मागत होते. हो म्हटलं असतं तर दुपारपर्यंत परडं भुईसपाट झालं असतं आणि मी फळी काढून टाकली असती. गड्याने कोयता पाजळायला दगडावर घासला. गवतातून मुनियांचा थवा भुर्रकन उडून शेवग्यावर बसला. आणि माझ्या डोळ्यांसमोर तो पुढे केलेला हात आला, हलू न दिलेला. त्या बाई माझ्या शब्दावर उभ्या राहिल्या होत्या.

"शिट्टी झालेली नाही," मी म्हटलं.

मुलगा चमकून बघायला लागला. त्याचं बालपण याच परड्यात गेलेलं, शिट्टी म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण तोही हट्टी, आईवर गेलेला. "आणि मुलीला काही झालं तर? तुम्ही लिहून द्याल का मला, की काही होणार नाही?"

 पोरगी फळीमागून डोकावत होती. मला रडू यायला लागलं, आणि कुणावर रडतेय तेही कळेना. गडी एकमेकांकडे बघत उभे होते. तोवर मागे भिंतीला हात घासत येण्याचा आवाज आला. अक्का. डोळ्यावर पट्टी, एक हात भिंतीवर, दुसऱ्या हातात शिट्टी. मुलगा "आई, धक्का बसेल" म्हणून धावला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"कोयता कुणाचा हाय?" त्या म्हणाल्या. "ठिव खाली आधी."

त्याने ठेवला. त्या पायरीच्या तोंडाशी आल्या, शिट्टी तोंडात धरली. फुंकायला किती जोर लागतो, तो डोळ्याला चालेल की नाही, याचा विचार मनात येईपर्यंत शिट्टी वाजली. लांबलचक नव्हे. आखूड, चिरकी, निम्म्यात तुटलेली. त्या घरात कार्तिकात शिट्टी होण्याची ती पहिलीच वेळ असावी.

"पायरीपासनं कडीपत्त्यापतूर," अक्का म्हणाल्या. "कुदळ न्हाई, नुसतं गवात. त्याच्या पल्याड एक काडी मोडली तर बघा. आन् आधी पाय आपटा, थोडा येळ थांबा, जाऊ दे त्यास्नी."

गडी निमूटपणे पाय आपटायला लागले. मुलगाही आपटायला लागला, त्याचं त्यालाच हसू आलं. अक्का माझ्याकडे वळल्या, म्हणजे माझ्या हुंदक्यांच्या दिशेने वळल्या, आणि म्हणाल्या, "दुसरीकडं खोली बघितलीस न्हवं? सांगून टाक त्यास्नी, नको म्हणून."

मी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मुलाने त्यांना रिक्षातून आणलं, काळा गॉगल लावून. फाटकाशी रिक्षा थांबली आणि आम्ही सगळे वाट बघत बसलो, की आता अक्का पाय आपटणार आणि डॉक्टरांच्या सूचनेचं काय होणार. पण त्या खाली उतरून नुसत्याच उभ्या राहिल्या. "हवालदार कुठाय?" त्यांनी विचारलं. मी पोरीला उचलून फाटकात नेऊन ठेवलं. तिने आपटले. धप, धप, धप. तेव्हाच अक्का आत आल्या.

सरळ मागे जातील असं मला वाटलं होतं. धोबी त्या आठवड्यात आला होता, ते मी त्यांना सांगितलंही होतं. नळ तिथून दहा पावलांवर होता. मुलानेही हात धरून त्यांना तिकडेच वळवलं. पण त्यांनी हात सोडवून घेतला, गॉगल कपाळावर चढवला, आणि वाकायला मनाई असल्यामुळे पोरीला म्हणाल्या, "पायरीवर चढ. उजेडात ये."

पोरगी वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. हात उचलला, नेहमीसारखा तिच्या तोंडावरून फिरवायला, आणि मधेच थांबवला. माझी पोर दोन वर्षं त्यांच्या मांडीवर वाढली होती. मला तेव्हा उमगलं, त्यांनी तिला आज पहिल्यांदा बघितलं होतं.

"तंगी," त्या माझ्यावर खेकसल्या, पण आवाज फुटला होता, "हिच्या गालावर तीळ हाय. एवढ्या दिसात मला कुणी सांगितलं न्हाई ते?"